बपेऱ्याचा कीडवाला

गालाला फडकं बांधलं की माणूस गरीब दिसतो, मग तो एरवी केवढ्याही तोंडाचा असो. खात्री करून घ्यायची असेल तर मंगळवारी सकाळी बपेऱ्यात परसराम भुरे यांच्या अंगणात जाऊन बसायचं. तिथं पोत्यांवर ओळीनं माणसं बसलेली असायची. प्रत्येकाच्या मांडीवर एक नारळ आणि एका गालात लिंबाएवढी सूज. ग्रामसभेत माईक न सोडणारा उपसरपंच तिथं मुका. सिहोऱ्याचे विज्ञानाचे मास्तर मागच्या दारानं यायचे आणि कोणी न विचारताच सांगायचे, 'बायकोनं बळंच पाठवलं.' सीमेपलीकडून मध्यप्रदेशातली मंडळीही यायची. दातदुखीला राज्य नसतं, आणि भाबडेपणालाही नसतं.

परसराम दातातली कीड काढायचा. बापाकडून, म्हणजे लक्ष्मणरावांकडून, चालत आलेलं काम. पितळी परातीत पाणी, पाण्यात मधोमध दगड, दगडावर चुलीतून लाल करून आणलेला लोखंडाचा तुकडा. त्याच्यावर जवसाच्या तेलात भिजवलेलं रिंगणीचं बी टाकायचं. रिंगणी म्हणजे बांधाबांधावर उगवणारं, पिवळ्या फळांचं ते काटेरी झुडूप. धूर उठला की बुडाला भोक पाडलेलं मडकं वरून पालथं घालायचं, भोकात बांबूची नळी, आणि नळीवर दुखणेकऱ्याचा आ वासलेला जबडा. माणूस खोकायचा, डोळे गाळायचा, लाळ गाळायचा. दहा मिनिटांनी मडकं उचललं की परातीतल्या पाण्यावर पांढऱ्या, सुतासारख्या बारीक किडी तरंगत असायच्या. परसराम काडीनं एकेक बाजूला घेऊन मोठ्यानं मोजायचा. सात निघाल्या तर सात, बारा निघाल्या तर बारा. ज्याच्या जास्त निघायच्या तो जरा ताठ मानेनं घरी जायचा.

आता तुम्ही म्हणाल, लबाड असेल लेकाचा. तसं असतं तर बरं होतं. लबाडाला कुठं थांबायचं ते ठाऊक असतं. परसराम पक्का प्रामाणिक होता. पैसा घेत नसे. नारळ आणि मूठभर तांदूळ, बस्स. किडी खऱ्या आहेत, दातातूनच उतरतात, आपल्या हाताला बापाचा गुण आहे, यावर त्याची एवढी श्रद्धा की समोरचा दुखणेकरी ओरडत असला तरी हा समाधानानं मान डोलवायचा. आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडं दुसरं होतं तरी काय? तलावाखालची दोन एकर धानाची बांधी, एक म्हातारी म्हैस. आठवड्याचे सहा दिवस त्याला गावात कोणी 'अरे परसराम'च्या वर हाक मारत नसे. मंगळवारी मात्र तो 'परसरामजी' व्हायचा. एका दिवसाच्या 'जी'साठी माणूस बाकीचे सहा दिवस सहज काढतो.

त्याची सगळ्यात जुनी भक्तीण म्हणजे वरच्या मोहल्ल्यातली म्हातारी सुशीलाबाई. इतक्या वर्षांत तिनं त्या परातीवर किती फेऱ्या मारल्या असतील, देव जाणे. तिची एकेक दाढ दुखायची, कीड निघायची, दुखणं थांबायचं, आणि सहा-आठ महिन्यांनी ती दाढ हलून हलून हातात यायची. परसरामकडं याचंही उत्तर तयार होतं. "कीड गेली, दात रिकामा झाला. रिकामा दात कायले थांबते मावशी?" म्हातारीला हे पटायचं. तिला परसरामचं सगळंच पटायचं.

आणि मग चैतात खुद्द परसरामची वरची दाढ ठणकायला लागली.

मोठी पंचाईत झाली. बापानं सांगून ठेवलं होतं की हा गुण स्वतःवर चालत नाही. दोन दिवस तो गालात लवंग धरून, भिंतीला डोकं टेकून बसला. तिसऱ्या दिवशी बायको, कुंताबाई, म्हणाली, "मी टाकतो बी. तुम्ही नळी धरा." टाकलं. अकरा किडी निघाल्या. परसरामनं डोळे पुसत स्वतःच्या किडी स्वतः मोजल्या आणि त्याही दुखण्यात त्याला अभिमान वाटला. दाढ आणखी तीन दिवस ठणकली आणि चौथ्या दिवशी एकदम गप्प झाली. थंड पाणी, गरम चहा, सुपारी, कशाचं काही नाही. मग काय विचारता! चावडीवर, बसथांब्यावर, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देणाऱ्या टपरीवर एकच कथा: अकरा निघाल्या अन् दाढ दगड झाली. दाढ दगड झाली हे अगदी खरं होतं. मेलेली वस्तू दगडच असते.

त्याच महिन्यात शेजारची मंदाबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सून कामिनी, भंडाऱ्याची, बारावी झालेली. तिची खालची, अगदी मागची दाढ दुखत होती. "आई, तुमसरले दातांची डॉक्टर आहे, तिथं जाऊ ना," असं ती म्हणाली होती. मंदाबाईनं त्यावर जे उत्तर दिलं ते अर्ध्या गावानं ऐकलं: "घराले लागून वैद्य, अन् तुले तुमसर फिरायचं आहे?" कामिनी मुकाट्यानं नळीवर बसली. नऊ किडी निघाल्या. पंधरा दिवसांत तिचंही दुखणं थांबलं. मंदाबाईनं परसरामच्या घरी अनारसे पाठवले.

श्रावणात धानाची रोवणी आटोपली आणि एका सकाळी परसराम उठला तो उजवा डोळा मिटूनच. गाल वर चढला होता. हिरडीवर दाढेच्या वर एक पुटकुळी, दाबली की खारट पू. त्या मंगळवारी लोकांनी विचारलं तर म्हणाला, मधमाशी चावली. पुढच्या मंगळवारी पुन्हा मधमाशी. तिसऱ्या मंगळवारी उपसरपंच म्हणाला, "परसरामजी, तुमच्याच गालाले पोळं लागलं का जी?" लोक हसले. परसरामही हसला, आणि हसताना कळ थेट कपाळात गेली. डॉक्टरकडं जायचं म्हणजे बपेऱ्याचा कीडवाला खुर्चीत आ वासून बसलेला कोणीतरी बघणार. त्यापेक्षा गाल फुटलेला परवडला, असा त्याचा हिशोब.

कुंताबाईचा हिशोब वेगळा होता. ती फार बोलत नसे, पण बोलली की ते वाक्य पुन्हा बोलावं लागत नसे. "तुम्ही नाई आले तं मंगळवारचं बी मी तेलात टाकनार नाई. मंग धरा नुसती नळी."

तेव्हा दुपट्ट्यानं तोंड गुंडाळून, नवऱ्यामुलासारखा खाली मान घालून परसराम कुंताबाईशेजारी तुमसरच्या बसमध्ये बसला.

डॉक्टरीण होती रत्नमाला गजभिये. बाप जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला, पोरगी नागपूरला शिकून इकडंच परत आलेली. बोलायला गोड, पण हातात अवजार आलं की कोणाची भीड न धरणारी. तिनं पू काढला, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सोमवारी दाढ काढायला बोलावलं. सोमवारी ती दाढ काही निघेना. सुई टोचून झाली, चिमटा लावून झाला, डॉक्टरीणबाईच्या कपाळावर घाम आला. तासाभरानं निघाली ती मोठी विचित्र. मुळाचं टोक निमुळतं असायचं तर इथं गाठाळ, बोरासारखं फुगलेलं.

"म्याडम, याच्यात कीड दिसते का पाहा जरा," बधिर तोंडातून परसराम पुटपुटला.

"कीड नसते काका." तिनं संगणकावर दाढेचा फोटो दाखवला. "दात काही खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाला बाहेरून हाडासारखी पातळ साल असते. त्या सालीपासून जबड्यापर्यंत बारीक धागे असतात, खाट विणतो ना आपण सुतळीनं, तसे. दात त्या विणीवर बसलेला असतो. आणि मुळाच्या आत मऊ गर, त्यात नस. तुमची दाढ वरून सडत सडत गरापर्यंत गेली. गर सडत होता तोवर ठणकली. मेला, तेव्हा ठणकायची थांबली."

"थांबली म्हंजे बरी झाली ना."

"मेलेला माणूस कण्हत नाही, म्हणून तो बरा झाला म्हणता का? पू मुळाच्या टोकातून हाडात उतरत होता. हा काळा डाग दिसतो ना, एवढं हाड खाल्लं त्यानं. त्याच्या जाचानं मुळावर सालीचे थरावर थर चढले, म्हणून ही गाठ. म्हणून निघत नव्हती." मग कापसाचा बोळा त्याच्या तोंडात कोंबत ती म्हणाली, "तुमची वरची होती म्हणून गालावर निभावलं. खालची मागची असती तर पू गळ्यात उतरतो. आधी तोंड उघडेनासं होतं, मग हनुवटीखाली सूज येते, मग श्वास अडकतो. दोन दिवसांत माणूस जातो. पाहिलंय मी."

परसरामला एकदम कामिनी आठवली. परवाच, रविवारी का शनिवारी, बोअरिंगच्या हातपंपावर ती भेटली होती. पदर गालावर. "काकाजी, दुखत नाई, पन तोंडच पुरं उघडत नाई. घास बारीक करून खाऊन राहिली." आणि हा शहाणा तिला काय म्हणाला होता? "ते कीड गेल्याची खूण आहे बेटा. मिठाच्या गुळण्या कर."

परतीच्या बसमध्ये, सिहोरा मागं पडल्यावर तो बोळ्यातून म्हणाला, "मंग त्या किडी कोनाच्या?"

"बियाच्या," कुंताबाई म्हणाली.

"काय?"

"बी तापलं की फुटते, अन् आतला पांढरा कोंब उडून पान्यात पडते. कोनाचं तोंड नसलं तरी पडते. लगनाच्या दुसऱ्याच वर्षी पाहिलं मी. लोखंड गरम होतं, बी सांडलं. सत्रा पडल्या. कोनी बसलं नव्हतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं जी. तुम्ही म्हनले, बाईच्या हातानं बी उलटं पडते."

परसरामला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. बसमध्ये कोणी ओळखीचं नव्हतं तरी त्यानं दुपट्टा पुन्हा तोंडावर ओढला, आणि या वेळी सुजेसाठी नाही. चाळीस वर्षं तो रिंगणीच्या बियांची शिरगणती करत बसला होता.

उतरल्या उतरल्या तो मंदाबाईच्या दारात गेला. कामिनी चुलीपाशी होती. हनुवटीखाली तिचा गळा भरल्यासारखा दिसत होता आणि डोळे तापाचे होते. परसरामनं सगळं सांगितलं: किडी नसतात, मी चुकलो, दाढ मेली आहे, पू गळ्यात उतरेल, उद्या नाही, आत्ता घेऊन जा. अर्धे शब्द कापसात अडकत होते. मंदाबाईनं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"परसरामभाऊ, तुम्हाले सुई टोचली आहे. गुंगी उतरू द्या जरा. तुमच्याच हातानं तं बरी झाली ते. दुखते का गं, कामिनी?"

"दुखत नाई," कामिनी म्हणाली. तिचे दात मिटलेलेच होते.

"पाहा. दुखत नाई म्हनते अन् तुम्ही गळ्याचं सांगून राहिले. आपल्या विद्येवर असा राग काढू नका भाऊ."

मंदाबाईचा मुलगा सूरज अंगणात मोटारसायकल पुसत होता. त्यानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि पुन्हा मोटारसायकल पुसायला लागला. घराघरात असा एक सूरज असतो, आणि त्याची गाडी नेहमी चकचकीत असते.

परसराम घरी आला. चाळीस वर्षं लोकांनी त्याचं खोटं एका शब्दात मानलं होतं. खरं एकदा सांगितलं तर गुंगी म्हणून हसले. याचा राग कोणावर काढायचा? ही माणसं त्यानंच घडवली होती. त्याला स्वतःची मनापासून किळस आली, आणि त्याहून जास्त त्या पोरीची भीती वाटली.

दुसरा दिवस मंगळवार. अंगण भरलं. सोळा-सतरा माणसं, तेवढेच नारळ. परसरामनं मंदाबाईलाही बोलावून घेतलं, मुलासुनेसकट. तिला वाटलं, भाऊची गुंगी उतरली, आता एक परात जास्तीची करून देतो. सुशीलाबाई नेहमीसारखी सगळ्यात पुढं, पोत्यावर.

"आज कोनी नळीवर बसायचं नाई," परसराम म्हणाला. बोळा काढला होता, गाल अजून वाकडा होता. "फक्त पाहा."

कुंताबाईनं लाल लोखंड आणून दगडावर ठेवलं. परसरामनं बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि हात मागं बांधून तीन पावलं दूर उभा राहिला. नळीतून धूर सरळ आभाळाकडं गेला. कोणाचं तोंड नाही, लाळ नाही, काही नाही. दहा मिनिटं अंगणात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यानं मडकं उचललं.

परातीत किडीच किडी. पांढऱ्या, बारीक, तरंगणाऱ्या.

"पाहा," परसराम म्हणाला. "ह्या दातातून येत नाईत. ह्या माह्याच बियातून येतेत. आतापर्यंतच्या सगळ्या माह्याच होत्या."

त्याला वाटलं, आता कळेल. एवढं उघडं केल्यावर आंधळ्यालाही कळेल. लोक परातीवर वाकले, एकमेकांकडं बघितलं. विज्ञानाचे मास्तरही वाकले होते, पण आपण तिथं नाहीच असा चेहरा करून. आणि मग मंदाबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हंजे किडी तुमच्याच घरच्या," ती हळूहळू म्हणाली. "बियात पोसता, अन् नळीतून लोकायच्या तोंडात सोडता. माह्या सुनेच्या तोंडात तुम्ही किडी घातल्या?"

अंगणात कुजबुज उठली. हे मात्र सगळ्यांना एका क्षणात पटलं. दातात कीड नसते हे पटायला जड होतं. परसरामनं कीड घातली हे पटायला काहीच जड नव्हतं. उपसरपंच म्हणाला, तरीच माझी दाढ मागच्या वर्षीपासून. कोणी म्हणालं, पोलिसात द्या.

परसरामनं तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द जिभेवर आला होता. अजून एकदा समजावलं असतं, दाढेचा फोटो दाखवला असता, खाटेच्या सुतळीचं सांगितलं असतं. मग त्याची नजर कामिनीकडं गेली. ती खांबाला टेकून उभी होती आणि थुंकी गिळताना मान वर करत होती. समजावण्यात किती मंगळवार जातील आणि तिच्याकडं किती दिवस आहेत, याचा हिशोब त्याला करावा लागला नाही.

"हो," तो म्हणाला. "मीच घातल्या. हिच्या आता गळ्याकडे उतरून राहिल्या. आज संध्याकाळपर्यंत काढल्या नाई तं श्वास अडकवतेत. तुमसरची डॉक्टरीण काढते. मले माहीत आहे, कालच माह्या काढल्या तिनं."

मंदाबाईनं त्याच्या अंगणात थुंकून सूरजला हाक मारली. आज सूरजनं कोणाकडंच बघितलं नाही. मोटारसायकल एका लाथेत सुरू झाली, कामिनी मागं बसली, आणि तिला धरायला मंदाबाई तिच्या मागं. जाताना ती शिव्या देत होती, आणि त्या सगळ्या परसरामनं ऐकून घेतल्या. गाडीचा आवाज सिहोऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत तो कान देऊन उभा होता. मग तो मडक्याशेजारी जमिनीवरच बसला.

लोक उठले. प्रत्येकानं आपापला नारळ उचलला. ठेवलेले तांदूळ कोणी कोणी मुठीनं परत घेतले. चाळीस वर्षांचा 'जी' पाच मिनिटांत अंगणाबाहेर गेला. जाताना मास्तर म्हणाले, मला आधीपासूनच शंका होती.

सुशीलाबाई तेवढी राहिली. ती पोत्यावरून उठली नव्हती. अंगण रिकामं झाल्यावर ती काठी टेकत त्याच्याजवळ आली, आणि रागानं नाही, अगदी हळू विचारलं, "परसराम, माह्या तोंडात किती घातल्या होत्या रे?"

मंदाबाईला खोटं सांगताना त्याची जीभ अडली नव्हती. इथं ना खोटं आलं, ना खरं. म्हातारी उत्तराची वाट बघत समोर उभी होती, आणि तिच्या डाव्या गालात एकही दाढ उरलेली नव्हती.